वर्गाध्यापनात मनोनकाशाचा उपयोग



धडा शिकवून झाला म्हणजे तो मुलाला कळला, असे नव्हे. पाठ केलेली वाक्ये मूल घडाघडा म्हणून दाखविते. परंतु एका गोष्टीचा दुसरीशी संबंध काय, असे विचारताच गप्प होते. हा संबंध त्याने स्वतः शोधावा, ह्यासाठी मनोनकाशा हे साधन आहे. ब्रिटिश लेखक टोनी बुझान ह्यांनी १९७४ मध्ये त्याचा पुरस्कार केला. त्याच दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक ह्यांनी संकल्पनाचित्राची पद्धती विकसित केली. तीत दोन शब्दांना जोडणाऱ्या रेषेवर त्यांचा संबंधही लिहावयाचा असतो. प्राथमिक वर्गात दोहोंचा मेळ घालावा.

वालचंदनगर परिसरातील शाळेत फळ्याच्या मध्यभागी 'ऊस' हा शब्द लिहावा. एक फांदी पाण्याकडे जाईल : भाटघर धरण, नीरा डावा कालवा, शेतातील पाट. दुसरी कारखान्याकडे : रस, साखर, मळी आणि बॉयलरमध्ये जळणारा भुसा. तिसरी यंत्रांकडे : साखर कारखान्यांची यंत्रे घडविणाऱ्या ह्या गावात पुढे अग्निबाणांचे भागही तयार झाले. रेषांवर 'पासून', 'मुळे', 'साठी' असे लहान शब्द बसले की भूगोल, विज्ञान व भाषा एकत्र नांदू लागतात.

मात्र शिक्षकाने काढलेला सुबक नकाशा मुलांनी उतरवून घेतला, तर पाठांतरात आणखी एकाची भर पडते. म्हणून फांद्या मुलांच्या तोंडूनच याव्यात. गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबांची मुले वर्गात येतात. शाळा बदलल्यामुळे वाचनात ती मागे असू शकतात. परंतु फड, कोयता, मोळी, वाढे ही फांदी त्यांच्याइतकी भरगच्च कोण भरणार? त्यांचे शब्द फळ्यावर लिहावेत आणि तेच त्यांना प्रथम वाचावयास द्यावेत. ज्याला काही येत नाही असे वर्ग समजत होता, त्याच्याकडून वर्ग शिकतो. मात्र एवढ्यावर न थांबता त्या शब्दांवरून त्यास धड्यापर्यंत न्यावे.

पंधरा दिवसांनी प्रत्येकाने कोऱ्या कागदावर, न पाहता, तोच नकाशा पुन्हा काढावा. रेखीवपणास गुण देऊ नयेत. जी फांदी अनेकांच्या कागदावर उमटली नाही, ती शिक्षकाने पुन्हा शिकवावी.