सुई, चाकोरी आणि रबराचा सांधा



एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटात, नाहीतर वाड्याच्या माळ्यावर, अजूनही कधी कधी तबकड्यांची पेटी सापडते. धूळ झाडून आपण एखादी तबकडी लावतो. पहिले गाणे गोड लागते, दुसरे बरे लागते, आणि शेवटच्या गाण्याला स्वर फाटू लागतो. ‘स’ उच्चारला की ‘श’ ऐकू येतो. आपण म्हणतो, तबकडी झिजली, आता हिच्यात राम राहिला नाही. मीही एके काळी तसेच म्हणालो होतो, आणि त्या चुकीच्या निदानापायी एक चांगली तबकडी कायमची बिघडवून बसलो. ते कसे घडले, आणि तुमच्या हातून तसे होऊ नये म्हणून काय पाहावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मी तेव्हा तालुक्याच्या एका शाळेत नुकताच लागलो होतो. संमेलनासाठी मुख्याध्यापकांनी आपल्या घरची अभंगांची एक लाँगप्ले तबकडी मोठ्या विश्वासाने माझ्या हाती दिली. त्यांच्या घरी ती वर्षानुवर्षे पहाटे लागत असे. शाळेच्या यंत्राला मी नवी कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी ती छोटी डबी, स्वतः बसवली. रेघा आखलेला कागद फिरत्या तबकावर ठेवून डबीची कड रेघेला अगदी समांतर केली. काम चोख झाले याचा मला अभिमान वाटला. तरी शेवटचा अभंग फाटूनच येऊ लागला. ‘सुई नीट टेकत नसेल’ असे म्हणून मी डबीच्या वर पन्नास पैशांचे एक नाणे ठेवले. आवाज थोडा सुधारला. मी नाणे तसेच राहू दिले, आणि तालमीच्या निमित्ताने पंधरा दिवस तबकडी वाजवत राहिलो.

आता जरा त्या तबकडीत काय असते ते पाहू. उन्हाळ्यात गाडीवाटेवर चाकांनी पडलेली चाकोरी तुम्ही पाहिली आहे. तबकडीवर तशीच एक चाकोरी असते. ती काठापासून सुरू होते आणि फिरत फिरत मधल्या गोल कागदापाशी संपते. एका बाजूला ती एकच एक असते. किती लांब असेल? शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. लाँगप्ले तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते. वीस मिनिटांत झाले सुमारे ६६७ फेरे. चाकोरीची त्रिज्या काठाशी सुमारे १४६ मिलिमीटर आणि आत सुमारे ६० मिलिमीटर. सरासरी १०३ मिलिमीटर धरली तर एका फेऱ्याची लांबी साधारण ६४७ मिलिमीटर येते. गुणाकार करा. चाकोरी भरते जवळजवळ ४३० मीटर! आणि रुंदी मात्र केसाएवढी.

या चाकोरीचा छेद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो. दोन भिंती एकमेकींशी काटकोन करतात. सुई तळाला टेकत नाही, ती दोन भिंतींच्या मध्ये लटकल्यासारखी बसते. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यांत तबकडीच्या मध्याकडच्या भिंतीवर डाव्या कर्ण्याचा आवाज कोरलेला असतो आणि काठाकडच्या भिंतीवर उजव्याचा. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

आधीची लाखेची तबकडी वेगळी होती. गौहर जान यांचे गाणे कलकत्त्यात १९०२ मध्ये मुद्रित झाले, त्या काळापासून पुढची सुमारे पन्नास वर्षे आपल्याकडे राज्य होते ते मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचे. तिच्या लाखेत कठीण दगडी भुकटी मिसळलेली असे. पोलादी सुई चाकोरीत पडली की पहिल्या काही फेऱ्यांतच ती भुकटी सुईला घासून आपल्या मापाची करून घेई. म्हणून तर दर बाजूला नवी सुई घालायची पद्धत होती. थोडक्यात, तिथे चाकोरीच सुईला घडवीत असे. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँगप्ले तबकडी आली आणि हा व्यवहार उलटा झाला. तबकडी मऊ व्हिनाइलची, चाकोरी बारीक, आणि सुई हिऱ्याची किंवा कृत्रिम माणकाची. आता सुई झिजून चाकोरीला जुळणार नाही. ती चुकीची बसली तर चाकोरीच खराब होणार.

मग या दोघींची समजूत घालायची कोणी? रबराने. हिऱ्याचा कण अॅल्युमिनियमच्या एका बारीक दांडीच्या टोकाला बसवलेला असतो. दांडी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. तिचे दुसरे टोक डबीच्या आत रबराच्या इवल्याशा कडीत धरलेले असते. चाकोरी नागमोडी जाते तशी दांडी हलते, तिच्या हलण्यातून वीज निर्माण होते, आणि विजेतून आवाज. रबराचे काम दुहेरी आहे. त्याने दांडीला मोकळेपणे हलू द्यायचे आणि दर खेपेला मधोमध परत आणायचे. रबर फार ताठ झाले तर सुई वळणे घेत नाही, भिंती घासत जाते. फार सैल पडले तर दांडी बसते आणि डबीचे पोट तबकडीला टेकू लागते. रबर हे शेवटी रबर. वर्षे उलटली की सायकलच्या जुन्या ट्यूबसारखे ते कडक होते, नाहीतर लिबलिबीत होते, आणि एका अंगाला कलून तसेच राहिले तर तो कल कायमचा होतो.

येथेच माझी चूक होती. रेघांच्या कागदावर यंत्र बंद असते. सुई स्वस्थ उभी असते. पण तबकडी फिरू लागली की तीन ओढी सुरू होतात, आणि तिन्ही त्या रबरावर येतात.

पहिली, वजनाची. पुष्कळ कार्ट्रिजना दोन ग्रॅमच्या आसपास भार लागतो. सोनाराच्या जुन्या मापात सांगायचे तर दोन मासे. पण चाकोरीच्या भिंती कलत्या आहेत. फळ्यावर बलांचा समांतरभुज चौकोन काढून पाहा. प्रत्येक भिंतीवर १.४ ग्रॅम येतात, म्हणजे दोन्ही मिळून २.८. पाचर ठोकली की लाकडाच्या दोन्ही अंगांना रेटा बसतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी, घर्षणाची. तबकडी पुढे पळते आणि सुईला आपल्याबरोबर ओढते. दांडी किंचित पुढे ताणली जाते. गाणे जोरात असले, चाकोरीची वळणे मोठी असली, की ही ओढ वाढते.

तिसरी ओढ सर्वांत कपटी आहे, कारण ती आडवी आहे. ती समजायला खुंट्याला बांधलेली गाय आठवा. गाय दावे ताणते तेव्हा ओढीची रेघ खुंट्यातून जात नसेल, तर ताण बसताच ती फिरत फिरत खुंट्याच्या सरळ रेषेत येते. यंत्राचा हात असाच एका खुंट्यावर फिरतो. मुद्रण करणारे यंत्र सुईला काठापासून मध्याकडे सरळ रेषेत नेते, पण आपला हात कमानीत फिरतो. हा फरक कमी करण्यासाठी हात पुढे थोडा वाकवलेला असतो आणि सुई तबकाच्या मधल्या खिळ्याच्या किंचित पुढे पोचेल अशी ठेवतात. हे गणित इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये, स्वीडनचे लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि अमेरिकेत बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये मांडले. त्यामुळे सुई दोन ठिकाणी चाकोरीशी बिनचूक जुळते. बेअरवाल्ड यांच्या नेहमीच्या मापात ही ठिकाणे मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरांवर येतात. इतरत्र थोडी चूक राहते, पण ती सोसण्याजोगी असते. मात्र हात वाकवल्याची किंमत द्यावी लागते. घर्षणाची रेघ आता खुंट्यातून जात नाही, म्हणून हात सारखा मध्याकडे सरकू पाहतो. सुई चाकोरीत अडकलेली, हात आत निघालेला, आणि मध्ये बिचारे रबर! दांडी तिरपी होते. मध्याकडच्या भिंतीवर भार वाढतो, काठाकडच्या भिंतीवरची पकड सुटते. म्हणून अशा यंत्रात आधी फाटतो तो उजव्या कर्ण्याचा आवाज.

तुम्ही विचाराल, मग शेवटचेच गाणे का फाटते? पुन्हा गणिताकडे चला. फेरे मिनिटाला तितकेच, पण आतला फेरा लहान. काठाशी चाकोरी सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर पळते, आत केवळ २१. सेकंदाला दहा हजार कंपनांचा बारीक स्वर काठाशी ५१ मायक्रॉन लांबीच्या लाटेत लिहिलेला असतो, आत तोच २१ मायक्रॉनमध्ये. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मोठ्या अक्षराचे पुस्तक चष्म्याशिवाय वाचता येते, बारीक अक्षराला चष्मा लागतो, आणि तो तिरपा असून भागत नाही. आत अक्षर बारीक आहे. सुईचा तिरपेपणा तिथे उघडा पडतो.

आता माझ्या तबकडीकडे येतो. बाजारपेठेत रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री होते. यंत्र त्यांच्याकडे नेले. त्यांनी कागद मागितला नाही. तबकडी फिरती ठेवली, तिच्यावर सुई सोडली, दिवा समोर धरला आणि एक हातआरसा पुढे ठेवून मला म्हणाले, “मास्तर, वाका आणि बघा. तुम्ही डबी सरळ बसवलीत. पण गाणं डबी वाचत नाही, दांडी वाचते.” मी पाहिले. डबी सरळ होती, दांडी मात्र तिच्याशी चांगली दोन-तीन अंश तिरपी होती. रबर मुळातच एका अंगाला कललेले होते, आणि चालताना ते आणखी कलत होते. त्यात माझ्या नाण्याने दोनाचे सात ग्रॅम झाले होते. म्हणजे तिरपी सुई मी साडेतीनपट भाराने पंधरा दिवस त्या मऊ भिंतींवर फिरवली होती.

मिस्त्रींनी दोन स्क्रू सैल करून डबी किंचित फिरवली आणि दांडी रेघेला समांतर आणली. डबी वाकडी दिसू लागली. दुसऱ्या तबकडीचे शेवटचे गाणे स्वच्छ वाजले. मुख्याध्यापकांची तबकडी मात्र सुधारली नाही. खराब झालेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. मी त्यांना खरे ते सांगितले. ते एवढेच म्हणाले, “आता पहाटे पहिली बाजू लावत जाऊ.” हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

तर श्रोते हो, ज्यांच्यापाशी असे यंत्र आहे त्यांनी चार गोष्टी कराव्यात. कागदावर जुळवताना डबी पाहू नका, दांडी पाहा. भार हलक्या वजनाच्या काट्यावर मोजा, सांगितला तेवढाच ठेवा, आणि नाणे खिशातच राहू द्या. मग तबकडी फिरती ठेवून समोरून पाहा. सुई टेकताच तिचे टोक काठाकडे सरकले, तर हात आत ओढला जात आहे. पुष्कळ यंत्रांत त्याला उलट ओढ देणारी स्प्रिंग किंवा दोऱ्याचे वजन असते, ते थोडे वाढवा. टोक मध्याकडे सरकले तर कमी करा. ही ओढ गाण्याच्या जोराप्रमाणे बदलते, म्हणून नेमके माप कुठलेच नाही, मधले ठेवायचे. गुळगुळीत, चाकोरी नसलेल्या तबकडीवर ही परीक्षा घेऊ नका. तिथे भिंती नाहीत, म्हणून घर्षणही वेगळे. आणि शेवटी कानावर विश्वास ठेवा. शेवटचे गाणे दोन्ही कर्ण्यांतून सारखे स्वच्छ आले म्हणजे जुळले. इतके करूनही फाटत असेल, तर आधी सुई आणि रबर यांवर संशय घ्या, तबकडीवर नंतर. आणखी एक सांगून ठेवतो. लाखेच्या तबकडीला सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई लागते. लाँगप्लेची सुई तिच्यावर चालवू नका, आणि पोलादी सुई लाँगप्लेच्या जवळही नेऊ नका.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सांगतो. ओल्या मातीत मुलांकडून नागमोडी खोल चर काढवून घ्या. एक काडी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीत खोचा, पट्टीची दोन टोके दोन्ही हातांत धरा, आणि काडीचे टोक चरात ठेवून ती चालवा. आधी पट्टी ताणून, मग सैल, मग मध्यम, आणि शेवटी हात एका बाजूला ओढून. प्रत्येक वेळी कोणती भिंत ढासळते ते मुलांनी सांगावे. बलांचा धडा त्यांना पुन्हा शिकवावा लागणार नाही.

कपाटातल्या त्या पेटीत एखादा असा आवाज असेल की ज्याची दुसरी प्रत गावात नाही. तो ऐका, जमल्यास एकदा नीट वाजवून त्याची संगणकावर प्रत करून ठेवा. पण सुई ठेवण्याआधी समोरून एकदा वाकून पाहा. सुई स्वस्थ असताना कुठे आहे ते नव्हे, चाकोरीत चालताना कुठे जाते ते.