परवान्याची सीमा

अमेरिकेत परिचारिकांची पात्रता-परीक्षा साऱ्या राज्यांसाठी एकच असली, तरी सेवेचा परवाना मात्र प्रत्येक राज्याचे परिचर्या मंडळ आपापल्या शिरस्त्याप्रमाणे देते. आणि रूढ महाविद्यालयाच्या वर्गात न बसता दूरशिक्षणाने पदवी मिळविणाऱ्यांची अडचण नेमकी येथेच सुरू होते. न्यूयॉर्क राज्यातील एक्सेलसियर ही संस्था, रुग्णसेवेचा पूर्वानुभव असलेल्या सहायक परिचारिकांना स्वाध्यायाची संधी देऊन आणि अखेरीस रुग्णालयात त्यांच्या कौशल्याची सुमारे अडीच दिवस कसोटी घेऊन, पदवी प्रदान करीत असे. परंतु सैद्धान्तिक अध्ययनाच्या जोडीनेच देखरेखीखालील प्रत्यक्ष रुग्णसेवाही घडली पाहिजे, असा कॅलिफोर्नियाचा दंडक असल्यामुळे, ६ डिसेंबर २००३ पासून या संस्थेत दाखल झालेल्या पदवीधरांना त्या राज्याची दारे बंद झाली. २००० साली अमलात आलेल्या आंतरराज्य करारान्वये सभासद-राज्यांत एकच परवाना चालतो खरा. पण कॅलिफोर्निया त्या करारात सामील नाही. तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीच, पुढे ज्या मुलखात चाकरी करावयाची, तेथील मंडळाचे नियम बारकाईने पाहून घेणे, हेच विद्यार्थिनीच्या हिताचे.