चौकटीच्या कडा



छायाचित्रकलेवर बोलायला उभे राहिले की पहिला प्रश्न येतो तो यंत्राचा. कॅमेरा कोणता घ्यावा, भिंग किती किमतीचे असावे? या प्रश्नाला आज आम्ही हात घालणार नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात या घटकेला कॅमेरा आहेच. अडते ते दुसरीकडे.

चित्रकाराचा कागद कोरा असतो. देवळासमोर विजेचा खांब असला तर तो खांब रंगवतच नाही, काम भागले! छायाचित्रकारापुढची चौकट मात्र आधीच गच्च भरलेली. तिच्यात खांब असतो, तारा असतात, कुणाचे वाळत घातलेले धोतर असते. यातले काही त्याला हलवता येत नाही. हलवता येते ते स्वतःला. रचना म्हणतात ती एवढ्यावरच उभी आहे.

आमच्या आत्याचे एकच छायाचित्र घरात आहे, आणि ते आम्हीच काढलेले. दिवाळीचा दिवस, आत्या अंगणात उभी. आम्ही पाहिले ते फक्त तिच्या चेहऱ्याकडे. छापून आले तेव्हा ओसरीचा खांब थेट तिच्या डोक्यातून वर निघालेला, आणि पावले चौकटीबाहेर! आपले दोन डोळे खांबाला मागे ठेवतात, माणसाला पुढे. भिंगाचा एकुलता डोळा दोघांना एकाच सपाट कागदावर चिकटवून टाकतो. आम्ही दोन पावले डावीकडे आणि एक पाऊल मागे सरकलो असतो तर काय बिघडले असते? पुढच्या दिवाळीला आत्या नव्हती.

तेव्हापासून कळ दाबण्याआधी आम्ही एक डोळा मिटतो आणि चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवतो. मधले माणूस आपल्याला दिसतेच. फसवतात त्या कडा.

चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करावेत आणि मुख्य वस्तू त्या रेघांवर आणावी, हा नियम तुम्ही ऐकला असेल. फोनच्या पडद्यावरही त्या रेघा उमटवता येतात. गंमत अशी की हा नियम कॅमेऱ्याहून म्हातारा आहे. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने तो १७९७ साली निसर्गचित्रांविषयी लिहिताना मांडला. छायाचित्रणाची जाहीर घोषणा झाली १८३९ साली. नियम उपयोगी आहे, पण वेदवाक्य नव्हे. शांत तळ्यात डोंगराचे प्रतिबिंब पडले असेल तर क्षितिज खुशाल मध्यावर घ्यावे.

१९३२ साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे कुंपणाच्या फटीतून एक छायाचित्र घेतले. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी घेतो आहे, टाच पाण्याला टेकायची आहे; खाली त्याचे प्रतिबिंब, आणि मागच्या भिंतीवरील जाहिरातीत तशीच झेपावलेली एक नर्तकी. हे योगायोगाने सापडले म्हणावे, तर या गृहस्थांनी आधी आंद्रे लोत यांच्याकडे चित्रकलेचे धडे गिरवले होते. छायाचित्राच्या कडा मागाहून कापणे त्यांना एरवी खपत नसे. इथे मात्र कुंपणाची फळी भिंगाच्या आड आली होती. ती कापावीच लागली.

शिकायचे कसे? पुठ्ठ्याला ९ सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद अशी खिडकी पाडा. एक डोळा मिटून ती दुसऱ्या डोळ्यापासून साडेबारा सेंटिमीटरवर धरा. फिल्मच्या नेहमीच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग जेवढे दाखवते, साधारण तेवढेच दिसेल. जवळ आणली की दृश्य पसरते. ही खिडकी घेऊन आठ दिवस एकाच चौकात जा, कॅमेरा घरी ठेवून. लोक हसतील, हसू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय आपोआप सरकू लागतात.

आत्याच्या डोक्यावरचा खांब आम्ही अलीकडे संगणकावर पुसून घेतला. पावलेही काढून देतो, असे दुकानदार म्हणाला. ती आत्याची नसती, म्हणून नको म्हटले.