तळहातावरील गणकयंत्र आणि त्याचे उपासक

यंत्र विकत घेतलें कीं तें आपलें झालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु द्रव्य देऊन मिळते ती केवळ मालकी. यंत्राची ओळख ही निराळी वस्तु असून ती श्रमानें संपादावी लागते. या दोहोंतील अंतर ज्यांनीं चिकाटीनें नाहींसें केलें, अशा कांहीं हौशी मंडळींची हकीकत मनोरंजक आणि बोधप्रदहि आहे.

१९७२ सालीं अमेरिकेंतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें ‘एचपी-३५’ नांवाचें, खिशांत मावणारें गणकयंत्र विक्रीस काढलें. किंमत होती ३९५ डॉलर. साइन, कोसाइन, लॉगॅरिथम इत्यादि जीं मूल्यें कोष्टकें चाळून काढावीं लागत, तीं हें यंत्र एका कळीसरशी देई. त्यामुळें इंजिनियरांच्या हातांतील स्लाइड-रूल थोडक्याच वर्षांत मागें पडला. तथापि प्रत्येक वेळीं प्रत्येक कळ माणसालाच दाबावी लागे. १९७४ च्या जानेवारींत आलेल्या ‘एचपी-६५’ नें ही उणीव दूर केली. कळा दाबण्याचा क्रम, शंभर पायऱ्यांपर्यंत, हें यंत्र ध्यानांत ठेवी. अमुक झालें तर तमुक करावें, असा निर्णयहि घेई. आणि सर्व क्रम एका चिमुकल्या चुंबकीय पट्टीवर उतरवून ठेवतां येई. ७९५ डॉलर किंमतीचा हा खिशांतला संगणकच म्हणावयाचा! १९७५ सालच्या अपोलो-सोयुझ उड्डाणांत अंतराळवीरांनीं तो बरोबर नेला होता.

या यंत्रांत बरोबरीच्या चिन्हाची कळच नव्हती. आधीं संख्या द्यावयाच्या व क्रिया शेवटीं सांगावयाची, अशी त्याची रीत. यान लुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञानें क्रियेचें चिन्ह संख्यांच्या आधीं लिहिण्याची पद्धति काढली होती; तिचेंच हें उलट रूप. पुष्कळांना ती विचित्र वाटे. मराठी माणसाला मात्र तींत नवल वाटूं नये. ‘तीन आणि चार यांची बेरीज करा, मग पांचांनीं गुणा,’ असेंच आपण बोलतों. क्रियापद शेवटींच येतें. शिवाय या रीतींत कंसांची गरजच उरत नाहीं.

शंभर पायऱ्यांच्या मर्यादेंतून एक नवीच कला जन्मास आली. एखादें गणित शंभरांत बसत नसेल तर एकेक पायरी वांचविण्यासाठीं रात्रीच्या रात्री खर्ची पडत. १९७४ सालींच कॅलिफोर्नियांत रिचर्ड नेल्सन यांनीं या यंत्राच्या वापरणारांचें एक मंडळ स्थापिलें. तेंच पुढें ‘पीपीसी’ या नांवानें प्रसिद्धीस आलें. त्याच्या पत्रिकेंतून देशोदेशींचे सभासद आपापल्या युक्त्या एकमेकांस कळवीत. या विद्येंत कोणी कांहीं लपवून ठेवीत नसे, हें विशेष.

१९७९ सालीं ‘एचपी-४१सी’ आलें. त्याच्या पडद्यावर अक्षरेंहि उमटत आणि बंद केल्यावरहि त्याची स्मृति टिके. यंत्राच्या पोटांत प्रत्येक आज्ञा एका अंकाच्या रूपानें सांठविलेली असते. त्यांपैकीं कांहीं अंकांच्या जोड्या कळा दाबून कधींच निर्माण होणार नाहींत, असें निर्मात्यांनीं गृहीत धरलें होतें. परंतु आरंभींच्या यंत्रांत कांहीं दोष राहून गेले होते, आणि त्या फटींतून सभासदांनीं आंत हात घातला. निषिद्ध जोड्या स्मृतींत बसवितांच पूर्वीं न ऐकलेले सूर निघाले, पडद्यावर अपरिचित चिन्हें उमटलीं आणि यंत्राच्या खासगी कप्प्यांपर्यंत वाट मिळाली. मात्र एक पाऊल चुकलें कीं सारी स्मृति पुसली जाई. कधीं यंत्र असें गोठे कीं बॅटऱ्या काढल्याखेरीज तें हलत नसे. विल्यम विक्स या पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९८० सालीं या सर्व शोधांचें पद्धतशीर पुस्तक लिहिलें.

अशा वेळीं कंपनी रागावती तर आश्चर्य नव्हतें. तिनें केलें तें उलटच. यंत्राचा अंतर्गत तपशील तिनें मंडळास दिला. अट एवढीच, कीं त्याविषयीं कंपनीकडे शंका विचारावयाच्या नाहींत. सभासदांनीं रचलेल्या आज्ञावलींचा एक स्वतंत्र संच मंडळासाठीं कंपनीनेंच तयार करून दिला. विक्स पुढें त्याच कंपनींत गेले आणि १९८७ च्या ‘एचपी-२८सी’ च्या घडणींत त्यांचा प्रमुख वांटा होता. दोष शोधणाराला दाराबाहेर ठेवण्यापेक्षां घरांत घेणें अधिक शहाणपणाचें, हेंच यावरून दिसतें.

१९८१ च्या एप्रिलांत ‘कोलंबिया’ या अंतराळयानाच्या पहिल्या उड्डाणांतहि ‘४१’ बरोबर होतें. १९९० च्या सुमारास त्याचें उत्पादन थांबलें. आज साध्या मोबाइल फोनमध्येंहि त्याची हुबेहूब नक्कल चालवितां येते, आणि त्या फोनची शक्ति मूळ यंत्राच्या कित्येक लक्ष पट असते. तरीहि तो फोन आंत काय करीत आहे, तो कोणाशीं बोलत आहे, हें त्याच्या धन्यास क्वचितच ठाऊक असतें, आणि ठाऊक करून घेण्यास त्याला वावहि थोडाच ठेवलेला असतो. शंभर पायऱ्यांच्या यंत्राची पायरी न् पायरी ओळखणारा मनुष्य तुलनेनें दरिद्री साधनाचा धनी होता खरा. पण आपल्या साधनाचा तो खराखुरा धनी होता. घरांतील मुलाच्या हातीं नवें यंत्र देतांना त्याची किंमत तर आपण सांगतोंच. त्याच्या पोटांत काय चालतें हें विचारण्याची संवयहि त्याला लावावी, म्हणजे तें यंत्र त्याचें होईल.