नेरळचं इंजिन आणि वडिलांची बत्ती
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मी रेल्वे कॉलनीतला. आपली दौंड-मनमाड लाइन १८७८ ची. तिच्यावर माझे वडील फायरमन होते. माझ्या सदऱ्यालाही कोळशाचा वास यायचा, म्हणून तुम्ही मला 'कोळसा' म्हणायचात. आज सकाळी गेटवरच ती हाक ऐकली. बरं वाटलं.

वडील रिटायर झाल्यावर त्यांना माथेरानला नेलं. नेरळ स्टेशनात एक जुनं, छोटं इंजिन उभं आहे. बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीचं. बेन्नो ओरेनस्टाइन आणि आर्थर कॉपेल यांनी ही कंपनी १८७६ साली काढली. आदमजी पीरभॉय कुटुंबानं बांधलेली माथेरानची लाइन १९०७ साली सुरू झाली. तिच्यासाठी या कंपनीनं चार इंजिनं बनवली. आराखडा एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा. शेजारची बार्शी लाइट रेल्वेही त्यांचीच.

घाटात वीस फुटांमागे एक फूट चढ, आणि वळणं तर विचारूच नका. म्हणून चाकांच्या तीन जोड्यांपैकी पहिली आणि शेवटची वळणावर थोडी बाजूला सरकेल, अशी युक्ती केलेली. १९८० च्या दशकात ही इंजिनं थांबली. एक नेरळला राहिलं, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक थेट इंग्लंडला गेलं.

कंपनीचं मात्र वाईट झालं. संस्थापक ज्यू. नाझींनी ती बळकावली आणि १९४० साली नावही पुसलं. पण जगभर उरलेल्या इंजिनांनी ते नाव जपलं.

हे सगळं मी वडिलांना सांगत होतो. त्यांनी बॉयलरवर हात ठेवला आणि म्हणाले, "गार आहे रे." घरी येईपर्यंत पुढे काही बोलले नाहीत.

ते गेल्यावर घर आवरताना त्यांची बत्ती आणि पितळी डबा मीच भंगारवाल्याला दिला. किलोवर. त्याची रुखरुख अजून जात नाही.

म्हणून एक विनंती. शाळेत एक कपाट ठेवू या, खर्च माझा. वडिलांची, काकांची, आजीची कामाची एखादी वस्तू घरात असेल, तर माणसाचं नाव लिहून तिथे ठेवा. माझ्याकडे वडिलांची ड्यूटीची वही तेवढी उरली आहे. ती आज मुख्याध्यापकांच्या हाती देतो.