मगरीची पूजा, बांधाची राखण आणि आपली खाडी

आजचा एपिसोड मगरीवर आहे. बोईसरमध्ये बसून मगरीचं काय काढलंस, असं म्हणाल. थोडा धीर धरा, शेवटी आपल्या खाडीवरच येतो.

गोव्यात मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा आहे. साधारण 15 किलोमीटर लांब, पाणी खारट, काठाला तिवरांची गर्दी. या पाण्यात मगरी राहतात. सांगलीजवळ कृष्णेत आणि चिपळूणला वाशिष्ठीत दिसते तीच ही मगर. मुळात गोड्या पाण्यातली, पण इथे खाऱ्या पाण्यातही टिकून आहे. एके काळी कातड्यासाठी या प्राण्याची एवढी शिकार झाली, की 1975 मध्ये केंद्र सरकारला मगर संवर्धनाचा खास प्रकल्प सुरू करावा लागला. आज वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे.

पण कालव्याकाठच्या लोकांचं मगरीशी नातं कायद्याच्या आधीचं आहे. फोंडा तालुक्यात बोरी, दुर्भाट या भागात गावडा समाजाचे लोक पौष अमावास्येला 'माणगें थापणी' करतात. कोंकणीत माणगें म्हणजे मगर. आपण भाकरी थापतो ना, तसंच हे थापणं. शेतातला ओला चिखल घेऊन मगर घडवायची, काटक्यांचे दात लावायचे, शिंपले लावून सजवायची आणि पूजा करायची. मागणं काय, तर आमची माणसं, गुरं आणि बांध सांभाळ.

यातला 'बांध' हा शब्द नीट ऐका. इथली शेती खाजणातली. म्हणजे खाडीचं पाणी मातीच्या बांधाने अडवून मिळवलेली जमीन. बांधाला लाकडी दार असतं, त्याला 'मानस' म्हणतात. भरतीच्या दाबाने ते आपोआप बंद होतं, ओहोटीला उघडतं. ना सेन्सर, ना मोटर! आत कोरगुटसारखा खारं सोसणारा भात होतो आणि दाराशी जाळं लावून मासेही मिळतात. बाहेरच्या बाजूची तिवरं लाटांचा मार झेलतात. त्याच तिवरांच्या चिखलात मगर ऊन खात पडलेली असते. म्हणजे शेतकऱ्याचा बांध आणि मगरीचं घर एकमेकांना लागूनच. लोक तिला खाजणाची राखणदार मानतात, ते उगाच नाही.

आता अडचण बघा. पूर्वी बांधाची डागडुजी गावकरी मिळून करायचे, त्यासाठी गावाची व्यवस्था होती. पुढे जमिनीचे कायदे बदलले, पोरं नोकरीला लागली, शेती परवडेना. बांध फुटला, की खारं पाणी आत येतं आणि शेत पडीक पडतं. पडीक जमिनीवर कोळंबीचे तलाव होतात, नाहीतर भराव पडतो. त्यात कालव्यातून खनिजाच्या बार्जही चालायच्या. पूजा चालू राहील हो, पण ज्याचं शेतच उरलं नाही, त्याला मगर राखणदार कशी वाटणार? त्याला ती फक्त धोका वाटणार. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. सिस्टीम कितीही भारी असू दे, मेंटेनन्स करणारा माणूस गेला की ती बसते.

म्हणून मला वाटतं, 'श्रद्धेमुळे प्राणी वाचला' एवढं म्हणून थांबणं अर्धवट आहे. श्रद्धा टिकली, कारण तिच्याखाली रोजचं पोट होतं. मगरीसाठी सरकारने नुसता बोर्ड लावून भागणार नाही. बांध दुरुस्तीला पैसे आणि खाजणातल्या भाताला भाव मिळाला, तर काठावरचा माणूस टिकेल आणि त्याच्यासोबत मगरही.

आता या आपल्याकडे. पालघरच्या पाड्यांवर वारली लोक वाघोबा पूजतात. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, सोबत चंद्र-सूर्य. वाघबारसला त्याची पूजा होते आणि या पट्ट्यात बिबटे अजून माणसांच्या आसपास राहतात. गोव्यात माणगें, इथे वाघोबा, विचार एकच.

आणि खाडीचं म्हणाल, तर तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे कोण गेलं? अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. म्हणजे मच्छीमारांची संघटना. ज्याचं जाळं त्या पाण्यात पडतं, तोच पाण्यासाठी भांडला. माझ्या मते संवर्धनाची खरी सुरुवात तिथूनच होते.

आपल्यातले बरेच जण एमआयडीसीत किंवा मुंबईत नोकरी करतो. खाडीत ना आपलं जाळं, ना शेत. म्हणून आपलं लक्षही जात नाही. या रविवारी एक काम करा. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजोबांना विचारा, गावचा खारबंधारा कुठे होता, तो कोण दुरुस्त करायचं आणि आता तिथे काय आहे. उत्तर रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये आपण तेच ऐकू. चला, भेटू!