विधी नसलेला शोक
(वार्षिक सभेत समुपदेशन विभागातर्फे झालेले भाषण)



घरात मृत्यू घडला की आपला समाज धावून येतो. सोयरे कडू घास घेऊन येतात, दहावा-तेरावा होतो; धर्म वेगळा असला तरी सांत्वनाची काही ना काही रीत असतेच. त्यातून दुःखिताला रडण्याची मुभा आणि सावरण्यास अवधी मिळतो. परंतु रुग्णालयात असेही वियोग घडतात, ज्यांना कोणताच विधी नाही. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाजाची मान्यता न लाभलेल्या अशा शोकाकडे लक्ष वेधले. आमच्या कामाचा मोठा भाग याच शोकाचा आहे.

गर्भातच दगावलेल्या बाळाच्या मातेला 'दुसरे होईल' असे सांगितले जाते. वास्तविक तिने हेच बाळ गमावलेले असते. त्याचे नाव योजले होते का, हे विचारणे आणि आईवडिलांची इच्छा असल्यास त्याला पाहू देणे, हे सांत्वनाचे पहिले पाऊल होय. अशा वेळी पित्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही; तीही आवश्यक असते.

मधुमेहामुळे पाय गमावलेल्या रुग्णाला 'जयपूर फूट बसेल' हा दिलासा पुरेसा नसतो. नसलेला पाय दुखतो असे तो म्हणतो, तेव्हा तो भ्रमात नसतो. ती वेदना वैद्यकशास्त्राला मान्य आहे. तिच्यावर उपचार व्हावेत आणि गमावलेल्या चालीचे दुःखही ऐकले जावे.

स्मृतिभ्रंश झालेला पती समोर बसलेला असतो, पण पत्नीला ओळखत नाही. पॉलीन बॉस यांनी अशा अवस्थेस अनिश्चित वियोग म्हटले आहे. या पत्नीला सौभाग्यवती म्हणावे आणि तिचा शोकही मान्य करावा, दोन्ही खरेच आहे.

एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच अवस्था मरणासन्न रुग्णांशी केलेल्या संवादांतून आल्या होत्या. शोकाकुलांनी त्या क्रमाने पार कराव्यात असा नियम नाही. माणूस आज रडतो, उद्या बाजारहाट करतो, परवा पुन्हा कोलमडतो. म्हणून 'एवढ्यात सावरली?' किंवा 'अजून किती रडणार?' हे दोन्ही प्रश्न आप्तांनी टाळावेत.

मृत्यूनंतर सहा महिन्यांहून अधिक काळ लोटूनही तीव्र शोक ओसरत नसेल आणि दैनंदिन जीवन ठप्प झाले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराचा समावेश आहे. जगणे नकोसे वाटू लागल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते.

देणगीदारहो, या कार्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. दार बंद करता येईल अशी शांत खोली, प्रशिक्षित समुपदेशक आणि त्याचा अखंड एक तास, एवढेच लागते. यंत्रासाठी आपण जशी उदार मदत करता, तशी या तासासाठीही करावी, ही नम्र विनंती. आणि आप्तजनहो, आपल्या दुःखाला समाजात नाव नसले, तरी येथे ते ऐकून घेतले जाईल.